हेडबाईची वही

१२ फेब्रुवारी

नवी वही, म्हणून पहिल्यापासून लिहिते. हिशेबाची वही वेगळी आहे, ही माझी.

आज प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी हेडबाईच्या पोटावर यंत्र फिरवलं आणि म्हणाल्या, "आहेत." मी विचारलं, किती. त्या म्हणाल्या, "शेवटच्या आठवड्यात फोटो काढू, तेव्हा मोजू, काकू. एवढी घाई कशाला?" मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही हे त्यांना काय माहीत.

हेडबाई म्हणजे वन्संची कुत्री. अंगाने लहान, पांढरी, एक कान तपकिरी, आणि समोरच्याकडे अशी बघते की आपण गृहपाठ विसरून आलोय असं वाटावं. वन्सं, म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण, एकतीस वर्षं शाळेत शिकवत होत्या. त्यांच्या यजमानांनी गमतीने कुत्रीचं नाव हेडबाई ठेवलं. यजमान गेल्या वर्षी गेले. सात महिन्यांपूर्वी वन्सं एक ट्रंक, एक छत्री आणि ही कुत्री घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. छत्री खुंटीला लागली. ट्रंक अजून कुलूप लावून खाटेखाली आहे. त्यातून एक कपडा काढायचा, धुवायचा, वाळवायचा आणि परत ट्रंकेत.

हिची एकदा तरी पिल्लं व्हावीत अशी यजमानांची फार इच्छा होती. इथला शिंपी त्यांचा जुना मित्र, त्याच्याकडे याच जातीचा कुत्रा. तर १० जानेवारीला ते काम झालं. त्रेसष्ट दिवस धरले तर १४ मार्च.

डॉक्टरीणबाईंनी सूचना दिल्या. शेवटचे तीन आठवडे खाणं वाढवायचं, थोडं थोडं आणि वरचेवर. जिन्यावर उड्या नकोत. टॉनिक नाही, कॅल्शियम नाही, कसली गोळी नाही. "अजिबात नाही, नंतर त्रास होतो," असं म्हणून त्याचं कारणही त्या सांगत होत्या, पण मी तेव्हा बोटांवर दिवस मोजत होते. वन्संचं लक्ष कुत्रीकडे होतं. ह्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे, ते सात मिनिटं मागे होतं. घड्याळजी माणसाला दुसरं काही दिसतच नाही.

मी काही कुत्र्यांतली नाही. पण घरात बाळंतपण आहे म्हटल्यावर कुणाचं का असेना, नीट झालं पाहिजे.

१५ फेब्रुवारी

हेडबाईसाठी वही केली. जुन्या वह्यांची उरलेली पानं शिवून. तारीख, कितवा दिवस, वजन, खाणं, ताप, आणि शेवटी शेरा असे रकाने आखले. वन्संनी चष्मा लावून पाहिली आणि म्हणाल्या, "रेघा सरळ आहेत."

यात कौतुक होतं की दुसरं काही, हे दिवसभर मला ठरवता आलं नाही. मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण रेघ मारायला बी.ए. लागत नाही. असं मी मनातच म्हटलं.

ह्यांना सांगितलं तर हसले. "आक्काने 'सरळ' म्हटलं? मग मोठा मान झाला तुझा. एकतीस वर्षांत तिने कुणाला 'उत्तम' दिलं नाही. मी सख्खा भाऊ, मला 'बरा' दिलाय."

२० फेब्रुवारी

पेटी तयार झाली. ह्यांनी दुकान दुपारचं बंद ठेवून फळ्या ठोकल्या. आतून चारी बाजूंनी चार बोटं उंचीवर कठडा घातला, म्हणजे आई भिंतीला टेकून बसली तरी पिल्लू मागे चिरडत नाही. मधल्या खोलीत, शिवणयंत्राच्या मागे, वारा लागणार नाही अशी जागा धरली. तळाला वर्तमानपत्रांचे थर, वर जुन्या चादरी फाडून. फाडायला माझा जीव होत नव्हता, पण त्या तशाही विरल्याच होत्या.

हेडबाईने येऊन पेटीला चारी बाजूंनी वास घेतला, आत एक पाय ठेवला, काढला, आणि जाऊन वन्संच्या खाटेखाली ट्रंकेला टेकून झोपली. "नापास," हे म्हणाले.

जेवताना वन्संनी सांगितलं, "पिल्लं मार्गी लागली की मी माझं बघते. निवृत्त शिक्षिकांचं एक वसतिगृह आहे. अर्ज मागवलाय."

मी म्हणाले, "जशी तुमची इच्छा." दुसरं काय म्हणणार? राहा म्हणावं तर त्यांना वाटायचं वरवरचं म्हणते. त्यांनी ताट उचललं, घासलं आणि जागेवर ठेवलं. पाहुण्यासारखं, अगदी नीट.

२४ फेब्रुवारी

एक गोष्ट हेडबाईच्या वहीत लिहिलेली नाही, इथे लिहिते.

मला हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात. आजपासून त्यातली अर्धी मी खाते आणि अर्धी कुटून हेडबाईच्या सकाळच्या खाण्यात घालते. डॉक्टरीणबाई हुशार आहेत, पण वयाने लहान. बाळंतपण पाहिलं असेल, काढलेलं नाही. पोटात पिल्लं वाढायची, त्यांची हाडं कशाची होणार? हवेची? ती बिचारी बशी चाटून पुसून माझ्याकडे बघते तेव्हा मला राहवत नाही.

वन्संना कळलं तर म्हणतील, मॅट्रिक बाई निघाली डॉक्टर व्हायला. तेव्हा गुपचूप.

देवाला मात्र सांगितलं. मी देवाकडे मागत नाही, फक्त कळवते. देव काही बोलला नाही, म्हणजे हरकत नसावी.

१ मार्च

वजन चांगलं वाढतंय. पोट दोन्ही बाजूंनी फुगलं आहे, चालताना होडीसारखी डुलते.

पूजेच्या वेळी उंबऱ्याच्या अलीकडे बसते, नाक बरोबर उंबऱ्यावर. मी एकदाच "इथून पुढे नाही" म्हटलं होतं. एवढं शहाणं माणूसही नसतं.

वन्संच्या हाडांच्या गोळ्या महिना संपायच्या आत संपल्या. ह्यांना नवी पट्टी आणायला सांगत होत्या. गोळ्या खातात की शेंगदाणे? मी एका गोळीत दोघींचं भागवते. पण बोलले नाही. आपल्या घरात आलेल्या माणसाचं औषध मोजू नये.

हेडबाईची अंडी उकडण्याचं काम ह्यांचं, मी त्याला हात लावत नाही. पण टरफलं केराच्या डब्यात दिसत नाहीत. विचारलं तर म्हणाले, कुंडीत घालतो, झाडाला बरी. कुंडी आमच्याकडे एकच, आणि त्यातलं झाड गेल्या वर्षीच वाळलं.

७ मार्च

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

फोटो काढला. काळ्या काचेवर पांढऱ्या रेषा. डॉक्टरीणबाईंनी पेन्सिलीने एकेक डोकं दाखवलं आणि मी मोजलं. पाच. पाठीचे कणे जपमाळेसारखे, बारीक बारीक मणी. मी आपोआप हात जोडले. मशीनवाल्याला वाटलं मी त्याला नमस्कार केला, त्यानेही केला.

मग डॉक्टरीणबाईंनी वही मागितली. पान उलटून पाहिलं, पुन्हा मागे गेल्या. "काकू, हे तुम्ही रोज लिहिता? वेळेसकट?" म्हणाल्या, "माझ्याकडे येणारे लोक कुत्रीचं वय विचारलं तर एकमेकांकडे बघतात." बाहेर बसलेल्या दोन माणसांनाही त्यांनी माझी वही दाखवली. त्यातला एक सूट घालून आला होता.

शेवटी त्यांनी विचारलं, "गोळ्या, कॅल्शियम, काही दिलेलं नाही ना?"

आम्ही तिघंही एकदम म्हणालो, "नाही."

या घरात इतकं एकमत पहिल्यांदाच झालं.

घरी येईपर्यंत मला आनंद होता. पूजेला बसल्यावर ते "नाही" आठवलं. वहीतला एक रकाना खोटा आहे हे मला ठाऊक आहे. पण आता सात दिवस राहिले. एवढ्यासाठी बंद कशाला करायचं?

११ मार्च

दिवसातून तीनदा ताप बघतो. बाळंत व्हायच्या आधी तो एकदम उतरतो, नव्व्याण्णवच्या खाली, मग चोवीस तासांत पिल्लं. वन्सं डोकं धरतात, मी शेपटी उचलून थर्मामीटर लावते, हे हातात घड्याळ धरून "झालं" म्हणतात. हेडबाईच्या चेहऱ्यावर असा अपमान असतो की बघवत नाही. नंतर ती तिघांकडे पाठ करून बसते.

संध्याकाळी वन्सं रोज म्हणतात, "हेडबाई, हजेरी." ती एकदाच भुंकते. यजमानांनी लावलेली सवय. आज भुंकली नाही, उसासा टाकला. वन्सं म्हणाल्या, "असू दे. आजारपणाची रजा."

त्यांना विनोद करताना मी पहिल्यांदा ऐकलं.

१२ मार्च

सकाळी १००.८. दुपारी १००.१. संध्याकाळी ९८.६.

मी आकडा दोनदा वाचला. वन्संनी एकदा. ह्यांनी दुकानाच्या दाराला चिठ्ठी लावली: घरात बाळंतपण असल्याने उद्या दुकान बंद.

शेजारी आता काय म्हणतील?

१३ मार्च

पाच. पाचही जिवंत. आता सावकाश लिहिते.

सकाळी आठपासून वन्संच्या खाटेखाली कागद फाडणं सुरू झालं. पेटीत उचलून ठेवली की उतरायची आणि परत ट्रंकेला टेकायची. शेवटी वन्सं म्हणाल्या, "ती येत नाही तर आपण जाऊ." ह्यांनी खाट हलवली, आम्ही दोघींनी पेटी ओढत नेऊन ट्रंकेला लावली. मग ती शहाण्यासारखी आत जाऊन बसली. माझी निवडलेली जागा फुकट गेली, पण बाळंतिणीचं ऐकावं.

पहिला दहा वाजून दहा मिनिटांनी. वेळ ह्यांनी सांगितली, सेकंदासकट. हेडबाईने पिशवी फोडली, नाळ तोडली, चाटून कोरडा केला. तिला कुणी शिकवलं? दुसरी दहा बावन्नला. मी वहीत दोन रकाने केले होते, एक पिल्लाचा, एक त्यामागून पडणाऱ्या वारेचा. पिल्लू बाहेर आलं आणि वार आत राहिली तर आईला धोका, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून दोन्हीकडे खूण केल्याशिवाय मी पुढची ओळ घेत नव्हते.

तिसरं अकरा चाळीसला. हेडबाई दमली होती, तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. पिशवी मी फोडली. हालचाल नाही. जीभ निळी. वन्सं म्हणाल्या, "गेलंय ते," आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सगळ्या शाळेला धाकात ठेवलेली बाई, खांदे उतरवून भिंतीशी.

मी टॉवेलात धरलं, डोकं खाली केलं, नाकातोंडातलं पुसलं आणि पाठ चोळायला लागले. किती वेळ? मला वाटलं अर्धा तास. हे म्हणाले, चार मिनिटं. तोंडाने नाव घेत होते की आकडे मोजत होते, तेही आठवत नाही. मग हातात काहीतरी कण्हलं. जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज. हे म्हणाले, "चालू झालं." घड्याळाबद्दल म्हणतात तसंच.

वन्संनी वळून आधी पिल्लाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुष्कळ वेळ. मला अवघडल्यासारखं झालं, मी म्हणाले, "दुसरा टॉवेल द्या."

चौथी साडेबाराला, पाचवा एक वाजून वीसला. पिल्लं पाच, वारा पाच. ताळा जुळला. शेजारच्या सोनाराने काटा दिला, त्यावर एकेकाचं वजन केलं. सोनार म्हणाला, "आजवर या काट्यावर इतका किमती माल चढला नाही." तिसरं सर्वांत हलकं, पण सर्वांत आधी दुधाला लागलं.

संध्याकाळी दिवा लावताना देवाला म्हणाले, कळवायला आले आहे, पाच. हे सांगताना माझा ऊर भरून आला. गर्व झाला असेल तर तू बघून घे.

अर्धी गोळी आजपासून बंद. काम झालं.

२१ मार्च

आठ दिवसांत प्रत्येकाचं वजन दुप्पट. आलेख काढला, पाच रेघा, पाचही वर. गल्लीतले लोक पिल्लं बघायला येतात आणि मी आधी वही दाखवते. शिंपी आला होता. ठरल्याप्रमाणे एक पिल्लू त्याचं. तो म्हणाला, "बाप कुठे दिसतो का यांच्यात?" हे म्हणाले, "दिसतो की. दिवसभर झोपा काढतात."

तिसऱ्याचं नाव ह्यांनी "चालू" ठेवलं. बाकीच्यांना आम्ही नंबरानेच बोलवतो.

वसतिगृहाचा अर्ज आला. वन्संनी तो घडी घालून ट्रंकेवर ठेवलाय, वर चष्म्याची डबी. भरलेला नाही. मी तिथलं झाडते तेव्हा तो उचलून परत तसाच ठेवते.

२९ मार्च

आजचं आजच लिहिते, नाहीतर आतच राहील.

दुपारी हेडबाई धापा टाकत होती. मी म्हटलं, उकाडा आहे. मग ती पिल्लांपासून उठून गेली. पिल्लं रडतायत आणि ही खोलीभर फिरतेय, हे तिच्या स्वभावात नाही. चालताना पाय लाकडासारखे. जवळ घेतली तर अंग थरथरत होतं. थंडीने थरथरतं तसं नाही, आतून, तारेसारखं. ताप लावला, १०४.६.

वन्सं म्हणाल्या, "ती माझ्याकडे बघत नाहीये." एवढंच, पुन्हा पुन्हा.

हे शिंप्याची गाडी घेऊन आले. पिल्लांना टोपलीत घातलं, हेडबाई वन्संच्या मांडीवर. पोचेपर्यंत तिचे पाय ताठ झाले होते, मान मागे गेली होती. डॉक्टरीणबाईंनी दारातच पाहिलं आणि सुई तयार करता करता विचारलं, "पोटुशी असताना कॅल्शियम दिलं होतं का? खरं सांगा, पटकन."

वही माझ्या हातात होती. ती सूटवाल्याला दाखवलेली वही. मी म्हणाले, "दिलं होतं. रोज सकाळी अर्धी गोळी. मी दिली."

त्याच वेळी वन्संचा आवाज आला, "रोज संध्याकाळी अर्धी. मी."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आणि कोपऱ्यातून हे खाकरले. "अंड्यांची टरफलं. दुकानात खलून. पण मी फक्त रविवारी."

डॉक्टरीणबाईंचा हात क्षणभर थांबला. "म्हणजे एकाच पातेल्यात तिघांनी मीठ घातलं," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुई शिरेत लावून त्यांनी औषध अगदी थेंबाथेंबाने सोडलं, दुसऱ्या हाताने छातीला नळी लावून. घाईने सोडलं तर हृदय थांबतं म्हणे. मला म्हणाल्या, "काकू, बाहेरून मिळत राहिलं की शरीर आपलं स्वतःचं काढायचं विसरतं. आता पाच पिल्लांना दूध पाजायचं, एकदम लागलं, तेव्हा त्याला काढता येईना. म्हणून नको म्हटलं होतं." हे त्यांनी १२ फेब्रुवारीला सांगितलं होतं. मी तेव्हा दिवस मोजत होते.

वन्सं टेबलापाशी उभ्या होत्या. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. हात तिच्या कपाळावर, आणि वर्गात म्हणावं तसं स्पष्ट म्हणाल्या, "हेडबाई, हजेरी."

काही नाही. पुन्हा, "हजेरी."

तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा तपकिरी कान हलला. थोडासाच. पण मी पाहिला, ह्यांनीही पाहिला. हळूहळू थरथर कमी झाली, पाय सैल पडले. मी बाकावर बसले. जप आठवेना. नुसतं "दे, दे" म्हणत होते. मागत नाही म्हणते ना मी. आज मागितलं.

३० मार्च

हेडबाई घरी आहे. अशक्त, पण बशी ओळखते. पिल्लांना दोन दिवस अंगावर पाजायचं नाही. दर तीन तासांनी बाटली. रात्रपाळी ह्यांची, आमच्या दोघींची दिवसपाळी. ह्यांनी घड्याळात तेल सोडायच्या बारीक नळीसारखी एक नवी नळी बाटलीला बसवून दिली, थेंब कसे मोजून पडतात.

दुपारी वन्सं चालूला पाजत होत्या, मी चौथीला.

मग वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल, आधीच एक येऊन बसलीय, त्यात तिच्या कुत्रीलाही औषधपाणी."

मी म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही म्हणाल, मॅट्रिक बाई डॉक्टर व्हायला निघाली."

"तसं मी म्हटलं असतं," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. मग त्यांनाही आलं. चालूच्या नाकात दूध गेलं आणि तो शिंकला, तेव्हा दोघींनी आवरलं.

थोड्या वेळाने त्या खाली बघत म्हणाल्या, "त्यांच्या शेवटच्या वेळीही मी असंच केलं होतं. भिंतीकडे बघत उभी राहिले. नर्सने त्यांचा हात धरला होता, मी नाही."

मी म्हणाले, "काल नाही फिरवलंत तोंड." आणि मग, "बाटली जरा तिरकी धरा, वारा जातोय पोटात." त्यांनी तिरकी धरली.

२ एप्रिल

हेडबाईच्या वहीत मागे जाऊन लिहिलं. २४ फेब्रुवारी ते १२ मार्च, प्रत्येक दिवसासमोर: अर्धी गोळी, सकाळी, मी दिली. खाडाखोड न करता, वेगळ्या शाईने, म्हणजे नंतर लिहिलंय हे कळावं. लिहिताना मान खाली गेली. पण खोटा रकाना ठेवून वही पुढे नेता येत नाही.

वही टेबलावर तशीच ठेवून स्वयंपाकाला लागले. परत आले तर माझ्या प्रत्येक ओळीखाली वन्संच्या अक्षरात ओळ होती: अर्धी गोळी, संध्याकाळी, मी दिली. आणि रविवारी रविवारी ह्यांच्या वाकड्या अक्षरात: टरफल. चिमूटभर.

शेऱ्याचा रकाना पहिल्या दिवसापासून मोकळाच होता. त्यात काय लिहायचं हे मला कधी सुचलं नाही. आज शेवटच्या ओळीसमोर तिथे लाल शाईत होतं: चूक तिघांची. कबुली वेळेवर. वही उत्तम.

मी ह्यांना बोलावून दाखवलं. ह्यांनी डोळ्याला भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "तोच शब्द आहे. खोडलेला नाही."

डॉक्टरीणबाईंना वही दवाखान्यात ठेवायची आहे, लोकांना दाखवायला. काय करावं ते, आणि काय करू नये तेही. मी म्हटलं, पिल्लं मोठी होऊ देत, मग देते. अजून पानं शिल्लक आहेत.

९ एप्रिल

चार आठवडे झाले. पाचही डोळे उघडून घरभर. हेडबाईने तीन दिवसांपासून हजेरीला भुंकायला सुरुवात केली आहे आणि तिच्यामागे चालूही काहीतरी म्हणतो.

आता पेटी पुरत नाही, कठड्यावरून चढून बाहेर पडतात. काल दुसरी शिवणयंत्राच्या पायडलमध्ये अडकली. आज सकाळी मी पूजेत असताना उंबऱ्यावरून दोन आत आली, आणि हेडबाई उंबऱ्याच्या पलीकडे उभी राहून शरमेने माझ्याकडे बघत होती. मी जप पुरा केला. देवालाही पोरांची सवय असेलच.

ह्यांना म्हटलं, उंच कडेचं काहीतरी करून द्या. हे म्हणाले, रविवारी. तर दुपारी वन्संनी आपली ट्रंक पेटीजवळून ओढली, कुलूप काढलं, सगळे कपडे बाहेर काढून पलंगावर रचले आणि झाकण बिजागरीतून सोडवून द्यायला ह्यांना दुकानातून वर बोलावलं. कडा चांगल्या उंच, पिल्लांना चढता येत नाहीत. सोय उत्तम झाली, नाही म्हणत नाही.

पण कपडे कुठे ठेवायचे हा प्रश्न माझ्यावर आला. माझ्या कपाटातल्या वरच्या दोन फळ्या रिकाम्या करून दिल्या. माझं सगळं खालच्या फळीवर कोंबलं, आता दार नीट लागत नाही. त्यांच्या घड्या काठाला काठ लावून, इस्त्री केल्यासारख्या. ते बघून मलाही माझ्या नव्याने घालाव्या लागल्या.

आणि एक. ट्रंकेच्या तळाला त्यांनी वसतिगृहाच्या अर्जाचे कागद घातले. चांगले जाड, पाठकोरे कागद होते. मी म्हणाले, "वन्सं, अहो, मला द्यायचे होते. पुढची वजनं लिहायला झाले असते."

त्या म्हणाल्या, "राहू द्या. चालूने त्यावर सहीसुद्धा केली."

पाहिलं, तर खरंच ओलं होतं.